दोनदा दाबायचा ब्रेक

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात, साखरखेर्ड्याचे शेषराव खरात आपल्या मुलाच्या मालकीची शाळेची व्हॅन घेऊन बुलढाण्याला पासिंगला गेले. व्हॅन नापास झाली. कारण 'ब्रेक' असं लिहिलं गेलं. ब्रेक दाबणारा पाय शेषरावांचाच होता.

ही बातमी दुपारपर्यंत साखरखेर्ड्याच्या जीप स्टँडवर पोहोचली. जुन्या गाड्या नापास होतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. शेषरावांच्या हातची गाडी नापास झाली, हे मात्र कुणाला पटेना. एका ड्रायव्हरने पूर्ण ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "आपले शेषरावभाऊ? नाई बे, दुसरा कोनी असंल."

शेषराव त्या वेळी साठीच्या आसपास होते. अंगाने बारीक, खांदे पुढे आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पंचवीसेक वर्षं त्यांनी साखरखेर्डा–चिखली रस्त्यावर जीप चालवली. जीप विकल्यावरही स्टँड सुटलं नाही. सकाळी ते यायचे, चहा अर्धा प्यायचे आणि उभ्या गाड्यांच्या मधून चालायला लागायचे. नुकत्याच आलेल्या गाडीच्या चाकाला हाताची मागची बाजू लावायची, हात नाकाशी न्यायचा, मग दुसऱ्या चाकाकडे जायचं. जळका वास आला तर ड्रायव्हरला हाक मारायची. ड्रायव्हर बहुतेक वेळा ऐकून न ऐकल्यासारखं करत. उरलेला अर्धा चहा थंड व्हायचा. चहावाल्याने शेवटी त्यांना अर्धाच कप द्यायला सुरुवात केली, तर शेषराव त्यातलाही अर्धा ठेवायला लागले.

ते भित्रे आहेत, यावर स्टँडचं एकमत होतं. त्यांना स्वतःलाही ते अमान्य नव्हतं. "ज्याले भ्याव नाई त्याच्या गाडीत म्या बसत नाई," असं ते म्हणायचे. बाजारातून येताना ट्रकचा हॉर्न ऐकला तरी थांबून ट्रक पूर्ण पुढे जाईपर्यंत बघत राहायचे. त्यांच्या पत्नी कमलबाई सांगायच्या, "पानावर बसलेला माणूस हा, पन कान रस्त्यावर. भाजीत मीठ नाई हे यायले कळत नाई. कोनाच्या गाडीचा पट्टा वाजून राह्यला हे कळते."

त्यांचं साठीतलं काम वेगळंच होतं. ते दुसऱ्यांच्या गाड्या पासिंगला न्यायचे.

प्रवासी गाडी जुनी झाली की दरवर्षी तपासणीला न्यावी लागते. कागदावर त्याला फिटनेस म्हणतात, बोलण्यात पासिंग. गाडी कशाने नापास होईल हे स्टँडवर सगळ्यांना पाठ असतं. टायर टकलासारखे गुळगुळीत झालेले असतात. एक हेडलाइट झाडाच्या शेंड्याकडे बघतो आणि दुसरा नालीकडे. वायपरचं रबर उन्हात काचेला चिकटून बसलेलं असतं, पाऊस आल्यावर ड्रायव्हर हाताने काच पुसतो. हँडब्रेकची दांडी वर येते, पण चाकाला त्याची खबर नसते. मागची लाल पट्टी सोललेली, आग विझवायचं नळकांडं रिकामं, औषधाच्या पेटीत विडीचं बंडल. स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी गाडी सरळच. यातलं काही एका दिवसात बिघडत नाही. रोज थोडंथोडं बिघडतं, आणि ड्रायव्हरचा हातपाय रोज थोडाथोडा त्या बिघाडाला शिकत जातो.

ब्रेकचं तसंच होतं. स्टँडवरच्या बहुतेक जीपांचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की पाय खाली जायचा. लगेच उचलून दुसऱ्यांदा दाबला की धरायचा. याला दोन पंप म्हणत. कुणी नवा ड्रायव्हर आला तर चावी देताना मालक सांगायचा, "दोन पंप हाय बरं." गाडीचा रंग किंवा नंबर सांगावा तसं.

पासिंगसाठी स्टँडने एक सोय केली होती. सगळ्या मालकांनी मिळून एक 'सेट' घेतला होता. त्यात चार चांगले टायर, हेडलाइटची जोडी, हँडब्रेकची केबल, वायपर, भरलेलं नळकांडं, औषधाची पेटी एवढं होतं. हा सेट स्टँडसमोर पंक्चरचं दुकान असलेल्या रफिकभाईच्या माळ्यावर ठेवलेला असे. ज्याची पासिंग, त्याच्या गाडीला आदल्या दिवशी तो चढायचा. गाडी पास होऊन आली की उतरायचा, आणि गाडीचं जुनं सामान गाडीला परत लागायचं. सेट चढला की स्टँडवर म्हणत, गाडीला हळद लागली. सेट चढवलेली जीप दुकानासमोर उभी असली की येणारे-जाणारे विचारायचे, "वरात कवा हाय?" रफिकभाई ओरडून सांगायचा, "कल सुबह! दूल्हा तयार हाय, शेषरावभाऊ घेऊन जाऊन राह्यले."

हळद लावायचं आणि वरात न्यायचं काम शेषरावांचं. तपासणीच्या ट्रॅकवर दोन पंप असे मारायचे की बघणाऱ्याला एकच वाटावा, हे त्यांच्या पायाला जमत होतं. दुसरं कारण त्यांचं भ्यावच होतं. ते इतक्या वेळा सगळं तपासायचे की विसरायला काही उरायचं नाही. निघण्याआधी हॉर्न, इंडिकेटर, मागचे दिवे. चिखलीत थांबून परत तेच. बुलढाण्यात शिरण्याआधी परत. त्यांनी नेलेली गाडी परत आली नाही, म्हणजे नापास झाली नाही.

तरी गाडी पास झाली म्हणून शेषराव खूश झाल्याचं कुणी पाहिलं नाही. सेट उतरवताना ते सर्वांत जास्त अस्वस्थ असायचे. नवा टायर काढून त्या जागी जुना लावताना त्यावर तळहात फिरवायचे आणि मालकाला म्हणायचे, "पाह्य बाप्पा, पास कागद झाला. गाडी कालची तेच हाय. सावकाश चालव." मालक हो म्हणायचा आणि गाडी भरायला जायचा.

एकदा त्यांना मी विचारलं होतं की इतकी काळजी वाटते तर हे काम करता कशाला. मी तेव्हा एका दैनिकाचा चिखलीचा वार्ताहर होतो आणि त्या रस्त्यावरच्या जीपांमधून माझं येणं-जाणं असे. ते म्हणाले, "नाई म्हटलं तं गाडी घरी बसते. गाडी बसली का मानूस बसते. अन् म्या नाई नेली तं दुसरा कोनी नेईन. थो चाक बी पाहनार नाई."

त्यांच्या भित्रेपणाचा एक किस्सा स्टँडवर लग्नसराईत हमखास निघायचा. त्यांच्या भाचीचं लग्न सुलतानपूरला होतं. नवरीला घेऊन जाणारी जीप मामाने चालवायची असं ठरलं. शेषराव प्रत्येक फाट्यावर थांबले, उतरले, चारी चाकांना हात लावून आले. एका फाट्यावर मागचं चाक गरम लागलं. त्यांनी नवरीसह सगळ्यांना खाली उतरवून लिंबाखाली बसवलं आणि चाक खोलायला घेतलं. मांडवातून फोनवर फोन येत होते. त्यांची बहीण रडकुंडीला आली.

"दादा, मुहूर्त जाऊन राह्यला ना!"

गाडीखालून आवाज आला, "मुहूर्ताचं काय, भटजी दुसरा काढून देते. हे चाक गेलं तं कोन काढून देते?"

नवरी शालू सावरत म्हणाली, "मामा, आता त्या चाकाचंच लगन लावून द्या पयले. मी थांबतो."

मुहूर्त टळला. अंतरपाटाआड नवरीला मामाने आणायचं असतं. शेषराव आले ते कोपरापर्यंत काळे. नवरीच्या दंडाला धरायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि तिच्या मागून चालत गेले. लग्नाच्या फोटोत मामा अटक करून आणल्यासारखा दिसतो. तो फोटो बहिणीने भिंतीवर लावला होता. चाकात खरंच काही बिघाड होता का, यावर स्टँडवर दोन मतं आहेत.

दुसरी गोष्ट स्टँडवर सांगितली जात नसे. लव्हाळा फाट्यावर रस्त्याला थोडा उतार आहे. तिथे उन्हाळ्यात एक रसवंती लागायची. एका दुपारी एक जीप फाट्यावर उभी करून ड्रायव्हर रस प्यायला उतरला. हँडब्रेक ओढलेला होता. प्रवासी आत बसलेले असताना जीप मागे सरकायला लागली आणि रसवंतीच्या मांडवात शिरली. बाकावर बसलेल्या एका बाईच्या पायावरून चाक गेलं. पाय वाचला, पण ती पुढे काठी घेऊन चालायला लागली. ती जीप त्याच आठवड्यात पास झाली होती. पासिंगच्या दिवशी तिच्या हँडब्रेकला नवी केबल होती. ती सेटची होती. परत आल्यावर शेषरावांनी ती स्वतःच्या हाताने काढून रफिकभाईच्या माळ्यावर ठेवली होती.

त्यांना कुणी दोष दिला नाही. सेट उतरवायचाच असतो. ड्रायव्हरने चाकाखाली दगड लावायला हवा होता, असं सगळे म्हणाले. शेषराव त्या बाईच्या गावी जाऊन आले, हे कमलबाईंकडून कळलं. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी घरीही सांगितलं नाही. त्यानंतर कोणतीही गाडी उतारावर थांबली की ते चाकामागे दगड लावायचे. स्टँडवर तर उतारही नाही, तिथेही लावायचे. पुढच्या गाड्या ते नेतच राहिले.

त्यांचा मुलगा संतोष आधी दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. गेल्या वर्षी त्याने जालन्याकडून एक जुनी पिवळी व्हॅन आणली. ती तिकडे एका शाळेसाठीच चालत होती. साखरखेर्डा आणि मधल्या गावांतली मुलं चिखलीच्या एका शाळेत न्यायचं काम त्याला मिळालं होतं. शाळेची अट एकच होती. शाळा उघडायच्या दिवशी व्हॅनचं फिटनेस हातात पाहिजे, नाहीतर पालक दुसरी गाडी बघतील. संतोषच्या आयुष्यातली ही स्वतःची पहिली गाडी. तिच्या मागच्या काचेवर त्याने वडिलांचं नाव रंगवून घेतलं होतं.

व्हॅनचे टायर बरे होते. बाकी किरकोळ सामान सेटमधून लागलं. खिडक्यांना दांड्या, शाळेचं नाव, पिवळा रंग, सगळं होतं. प्रश्न ब्रेकचा होता. ब्रेकच्या तेलाचा मुख्य पंप आतून झिजला होता. चिखलीत तो मिळाला नाही. अकोल्याहून मागवला, पण तो तपासणीच्या तारखेपर्यंत येणार नव्हता. संतोषला त्याची काळजी नव्हती. दोन पंपांत गाडी जागेवर थांबत होती.

"बाबा नेतीन ना," तो स्टँडवर म्हणाला. "बाबाच्या पायात पास हाय."

शेषराव त्या आठवड्यात स्टँडवर कमी दिसले. रफिकभाईने सांगितलं की ते माळ्यावरून नळकांडं न्यायला आले, ते घेतलं आणि परत ठेवून दिलं. मग पुन्हा येऊन नेलं. "मी बोललो, क्या हुआ भाऊ, आपली गाडी हाय, घरचा दूल्हा हाय. तं नळकांडं उचलून निघून गेले."

तपासणीच्या दिवशी मी त्या मैदानावर होतो. शाळा उघडण्याआधी शाळेच्या गाड्यांच्या तपासणीची बातमी दरवर्षी करावी लागते. रांग लांब होती. ड्रायव्हर काचा पुसत होते, एकमेकांकडून रिफ्लेक्टरच्या पट्ट्या मागून घेत होते. शेषरावांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. संतोष कुंपणाशी उभा होता.

तपासणी करणारे साहेब तरुण आणि सभ्य होते. त्यांनी व्हॅनभोवती फेरी मारली. हॉर्न, दिवे, वायपर, पट्टे, खिडक्या बघितल्या. "गाडी छान ठेवलीय. कुणाची?"

"पोराची, साहेब."

"चला, ब्रेक घेऊ."

ट्रॅकच्या शेवटी चुन्याची रेष होती. गाडी ठरलेल्या वेगात आणायची आणि साहेबांनी हात खाली केला की रेषेच्या आत थांबवायची. शेषराव लांब गेले, वळले, आले. हात खाली गेला. व्हॅन रेष ओलांडून पुढे गेली आणि गिअरच्या जोरावर थांबली.

साहेब म्हणाले, "काका, उशीर झाला तुमचा. परत एकदा घ्या."

अशी संधी सगळ्यांना मिळत नाही. कुंपणाशी उभे असलेले इतर ड्रायव्हर संतोषला म्हणाले, होऊन जाते, घाबरू नको. व्हॅन परत लांब गेली, वळली, आली. हात खाली गेला. व्हॅन या वेळी आणखी पुढे गेली.

त्याच क्षणी संतोष ओरडला, "बाबा, दोनदा! दोनदा दाबा ना!"

साहेबांनी कुंपणाकडे पाहिलं, मग व्हॅनकडे गेले. "दोनदा म्हणजे?"

शेषराव सीटवरून उतरले. "दोन पंप मारले का थांबते साहेब. एकात नाई थांबत."

"मग तुम्ही एकच का मारला?"

शेषराव दारातून बाजूला झाले. साहेब स्वतः सीटवर बसले, ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. उतरून लिहायला लागले. पंप बदलून पुन्हा आणा म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले.

बापलेकांचं बोलणं मैदानाबाहेर व्हॅनशेजारी झालं. आजूबाजूला बरेच लोक होते, म्हणून ते जसंच्या तसं सांगता येतं.

"एक डाव दाबला तुमी. दोनी खेपा. म्या पाह्यलं."

"हाव."

"काऊन पन?"

"लेकरू आडवं आलं तं तू दोन डाव दाबशीन का? तेवढा टाइम भेटते का?"

"गाडी मी चालवतो ना! मले माहीत हाय तिचा ब्रेक."

"तुले माहीत हाय. अकोल्याचा पंप येऊ दे. चार दिस थांब."

"चार दिसानं शाळा उघडते बाबा! माह्यासाठी कोन थांबते?" संतोषचा आवाज फाटला. "अन् आतापर्यंत येवढ्या गाड्या पास केल्या तुमी. त्याच्यात मानसं नव्हती का? गज्याच्या जीपीत काय तुरीचे पोते बसते? सगळ्या गावाच्या गाडीले हळद लावली, अन् पोराची गाडी आली तवाच तुमाले देव आठोला?"

शेषराव वाकून मागच्या चाकाला हात लावून आले. संतोषने दार उघडून धरलं. ते बसले नाहीत. "तू सावकाश ने," म्हणाले. "म्या एसटीनं येतो." संतोष व्हॅन घेऊन निघाला तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे राहून ती वळणाआड जाईपर्यंत पाहत होते.

पंप वेळेत आला नाही. शाळा ठरलेल्या दिवशी उघडणार होती. पालकांनी एकत्र बसून वर्षभरासाठी दुसरी गाडी ठरवली. साखरखेर्ड्याच्या स्टँडवरून त्या वेळेला सुटणारी आणि सगळी मुलं मावणारी गाडी एकच होती. ती गजाननची जीप. गजानन म्हणजे संतोषने ज्याचं नाव घेतलं तो गज्या. त्याची जीप एप्रिलमध्ये पास झाली होती. तिला सेट चढवून बुलढाण्याला नेणारे शेषराव होते. परत आल्यावर सेट उतरवणारेही तेच.

हे कळलं तेव्हा शेषराव स्टँडवर गेले. गजानन टपावर दोरी बांधत होता. तो चांगला ड्रायव्हर होता, बोलायला तिखट.

"गज्या, शाळेची लेकरं तू नेऊन राह्यला म्हनते."

"हाव. तुमच्या किरपेनं."

"तुह्या गाडीचा पंप बी तसाच हाय. बदलून घे. तवर नेऊ नको."

गजानन वरून खाली उतरला. समोरच्या काचेमागे प्लॅस्टिकमध्ये ठेवलेला कागद काढून त्याने शेषरावांच्या चष्म्यासमोर धरला. "पाहा भाऊ. काय लिवलं हाय? पास. कोन नेली होती? म्या नेली का? तुमीच नेली ना?"

आजूबाजूचे हसले.

"म्या नेली," शेषराव म्हणाले. "म्हून सांगतो."

"मंग एक काम करा. जा साहेबाकडं अन् सांगा, का स्टँडवरच्या सगळ्या गाड्या म्या खोट्या पास केल्या. माही एकट्याचीच कायले? सगळ्यायच्या सांगा. सगळेच बसू घरी."

शेषरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. बरेच जण त्यांच्या नुसत्या ओळखीतले नव्हते, नात्यातले होते. रफिकभाईने मध्ये पडून चहा मागवला. शेषराव चहा न घेता गेले. ते साहेबांकडे गेले का, याची मी नंतर चौकशी केली. तशी कुणाची तक्रार आल्याचं आढळलं नाही.

शाळेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ते रफिकभाईच्या दुकानी आले आणि माळ्यावरून सेट काढायला सांगितला. रफिकभाईला वाटलं, कुणाची पासिंग आहे. शेषरावांनी टायर गजाननच्या जीपला लावले. हँडब्रेकची केबल लावली. दिवे आणि वायपर लावले. गजानन बाजूला उभा राहून बघत होता. फुकट नवे टायर कोण नाकारणार. संध्याकाळी रफिकभाईने विचारलं, "भाऊ, सेट वापस कब?"

"वापस नाई."

"सेट सगळ्यायचा हाय ना भाऊ. मंगळवारी एकाची पासिंग हाय."

"त्याले सांग, नवे टायर इकत घे."

स्टँडवर त्याचे परिणाम लगेच झाले. मंगळवारची पासिंग हुकली. मालकांनी मिळून ठरवलं की शेषरावांच्या हाती यापुढे गाडी द्यायची नाही. काहींनी बोलणं सोडलं. गजाननकडे सेट मागायला दोघे गेले. त्याने हात वर केले. "म्या मांगला होता का? ज्यानं लावला त्याले इचारा." शेषरावांचं उत्तर बदललं नाही.

ब्रेकचा पंप मात्र सेटमध्ये नव्हता. अकोल्याहून येणारा पंप व्हॅनचा होता, तो जीपला बसणार नव्हता. गजाननने आपल्या जीपचा बदलतो असं सांगितलं, दिवाळीत.

सोमवारी, शाळेच्या पहिल्या दिवशी, जीप मुलांनी भरली तेव्हा शेषराव पुढच्या सीटवर येऊन बसले. स्टँडवरच्या कुणाही दुसऱ्याच्या गाडीत ते बसल्याचं त्याआधी कुणाच्या पाहण्यात नव्हतं. गजानन म्हणाला, "भाऊ, तुमी कोनत्या वर्गात?" मुलं हसली. शेषराव उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले. ते शाळेपर्यंत जायचे, तिथेच बाहेर बसून राहायचे आणि शाळा सुटल्यावर मुलांबरोबर परत यायचे. घरी संतोष त्यांच्याशी बोलत नव्हता. कमलबाई डबा देत होत्या.

माझी मेहकरला बदली झाली त्या आठवड्यात, सकाळी, मी लव्हाळा फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो. गजाननची जीप आली आणि थांबली. फाट्यावरची दोन मुलं दप्तरं घेऊन चढली. शेषराव पुढून उतरले. मुलांना आत सरकवलं, मागचं दार लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं. मग चारी चाकांना हाताची मागची बाजू लावत जीपभोवती फिरले.

"बसा आता मास्तर," गजानन आतून म्हणाला, "घंटा होऊन राह्यली."

"मोटरसायकलवाला येऊन राह्यला समोरून. त्याले जाऊ दे."

"दिसते मले."

"दिसते तं आतापासून दाब."

शेषराव बसले. मला पाहून त्यांनी मान हलवली, पण नजर लगेच रस्त्यावर नेली. त्यांचा एक हात समोरच्या दांडीवर होता, दुसरा मागे, सीटच्या पाठीवर, मुलांच्या बाजूने आडवा. उजवा पाय पुढे ताणलेला होता. त्या बाजूला खाली फक्त पत्रा होता. मोटरसायकल गेली. जीप चिखलीच्या दिशेने निघाली.

त्या दिवशी जीप घंटा होण्याआधी शाळेत पोहोचली, असं मला नंतर कळलं. सगळी मुलं उतरली.